जाता-येता एक पीळ

माझ्या धाकट्या लेकीनं नवऱ्याचं घर सोडलं आणि डोळ्यांतून टिपूस न काढता बाजारात स्वतःचं ब्यूटीपार्लर थाटलं, त्या वर्षीची ही गोष्ट. आमच्या घरात सालं अशीच लक्षात राहतात. कॅलेंडर भिंतीवर असतं, पण ते पोपडा झाकायला.

घर टेकडीच्या डोक्यावर. खाली डांबरी रस्ता संपतो आणि तिथून नुसता दगडगोट्यांचा चढ सुरू होतो. मध्ये दोन वळणं अशी, की साधी गाडी घातली तर तिचं नाक खडकाला आणि शेपूट खोल ओघळीवर. आमच्या ह्यांनी उभा जन्म खाणीत दगडाला सुरुंगाची भोकं पाडण्यात घालवला आणि खाणीनं जाताना छातीत धूळ भरून दिली. खालच्या धुरात-धुळीत उतरलं की त्यांना धाप लागे. वर ओट्यावर खुर्ची टाकून बसले, की श्वास बिचारा आपल्या वाटेनं ये-जा करी. म्हणून आम्ही वर. आणि आमच्याकडं वर चढणारी वस्तू एकच होती, आमची चारही चाकांनी ओढणारी जुनी डिझेल गाडी.

ती मीच चालवायची. आधी गाडी शिकले, अक्षरं नंतर. लायसन काढायचं तर पाट्या वाचता यायला हव्यात, म्हणून पन्नाशी उलटल्यावर सुनेपुढं मांडी घालून बसले. तोवर टेकडीवर पाट्या नव्हत्याच, त्यामुळे काही अडलं नव्हतं.

तर ती गाडी रुसली. सेल्फ मारला की सुरू व्हायची, दोन उचक्या द्यायची आणि बंद. पुन्हा मारला की पुन्हा तेच. मुलानं खालच्या मेकॅनिकला फोनवर तिचं खोकणं ऐकवलं. मेकॅनिक म्हणाला, पंप गेला असणार, गाडी खाली आणा. खाली आणता आली असती तर त्याला कोणी विचारलं असतं?

शनिवारी मुलगा पायी चढून वर आला. घामानं निथळत होता. पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "आई, गाडी बंद म्हणजे घर बंद. आता हट्ट पुरे. आमच्याकडची एक खोली रिकामी केलीय. बाबांच्या खाटेला खिडकीजवळ जागा आहे."

"खिडकीतून काय दिसतं?"

"समोरची बिल्डिंग."

"आणि समोरच्या बिल्डिंगीतून?"

"आमची."

"मग दोघींनी एकमेकींकडे बघत बसावं. आम्ही कशाला मध्ये?"

"हसण्यावारी नेऊ नकोस. बाबांना एखाद्या दिवशी दवाखान्यात न्यायची वेळ आली तर? खांद्यावर घेणारेस?" त्याचा आवाज चिरकला. पोरगा वाईट नाही, बापाची काळजीच बोलत होती. पण पुढं जे म्हणाला त्यानं माझं डोकं फिरलं. "उद्या भंगारवाला येतोय. त्याचा ट्रकही चारही चाकांनी ओढतो, साखळी लावून नेईल. मी बोललोय त्याच्याशी."

"मला न विचारता?"

"गाडी बाबांच्या नावावर आहे."

"मग बाबांना विचारलंस?"

तो पत्र्याकडं बघायला लागला. तेवढ्यात आतून, खाटेवरून, एकेक शब्दाला श्वास मोजत ह्यांचा आवाज आला, "मी... अजून... घरातच आहे रे."

मी पदर खोचला. म्हटलं, "ऐक. भंगारवाला यायच्या आत ही गाडी आपल्या पायांनी खालच्या डांबरीपर्यंत गेली आणि आपल्या पायांनी वर आली, तर आम्ही इथंच राहणार. पुन्हा खोली-खिडकीचं नाव काढायचं नाही."

"आणि नाही आली तर?"

"तर बोचकी मी बांधते. रडणार नाही, कुरकुरणार नाही. तुझ्या खिडकीत येऊन बसते."

"पंप तू घरी बदलणार?"

"पंप गेला हे तुझ्या फोननं सांगितलं. गाडीला अजून कोणी विचारलंच नाही."

मी बॉनेट उघडून काठीचा टेकू दिला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, असं म्हणतात. पण आडात होतं, टाकी निम्मी भरलेली होती. म्हणजे भानगड मधल्या वाटेत. डिझेल टाकीतून निघतं, फिल्टरमध्ये गाळलं जातं आणि मग पंपाकडं जातं. फिल्टर ज्या भांड्यात बसतो त्याला हाऊसिंग म्हणतात. वर हातानं दाबायचा पंप, बुडाशी साचलेलं पाणी काढायचा स्क्रू. मी वरचा पंप दाबून पाहिला. दाबता दाबता तो कडक व्हायला हवा. हा पिकून गळायला आलेल्या फळासारखा मऊ. भांड्याच्या बुडाला हात लावला तर ओलं, त्यावर धुळीचा काळा थर. फडक्यानं पुसून पुन्हा दाबलं आणि बॅटरीच्या उजेडात दिसलं. बुडाच्या स्क्रूपासून वर गेलेली केसाएवढी चीर. तिथून बारीक बुडबुडे फुटत होते. इंजिन डिझेल ओढत होतं आणि तोंडात हवा येत होती. उपाशी माणूस दोन पावलं टाकून बसेल, नाही तर काय करेल?

तेवढ्यात माझे धाकटे दीर वर आले. ते टेकडीच्या पायथ्याशीच राहतात. खिशात कायम पाना, म्हणून सगळी वस्ती त्यांना पानाभाऊ म्हणते. मी त्यांना चीर दाखवली आणि विचारलं, "भावजी, हा स्क्रू कोणी आवळला?"

"मी नाही." मग जरा थांबून, "म्हणजे, वर आलो की एकदा आवळतो. तेवढंच."

"आणि तू?" मी मुलाला विचारलं.

"मी फक्त सुट्टीला आलो की."

खाटेवरून आवाज आला, "मी... रोज सकाळी. ऊन खायला बाहेर आलो की."

आमच्या घराची ही रीतच. तरुणपणी हे दोघे भाऊ खाणीत एकाच कॉम्प्रेसरवर होते. एकदा पाइपाचा जोड ढिला राहिला, पाइप सापासारखा उसळला आणि भावजींचे पुढचे दात घेऊन गेला. तेव्हापासून घरात नियम पडला, नटाजवळून जायचं तर त्याला एक पीळ द्यायचा. नळ, दाराची कडी, खुर्चीचे स्क्रू, गॅसचा रेग्युलेटर, काही सुटलं नाही. सून नवी आली तेव्हा तिला वाटलं, सासरी प्रेशर कुकरची पूजा करतात. पोलादाचा नट हे सोसतो. पण फिल्टरचं भांडं प्लास्टिकचं आणि त्याचा स्क्रूही प्लास्टिकचा. तिघांनी मिळून मायेनं त्याचा गळा दाबला होता.

"आणि तुम्ही, वहिनी?" भावजींनी तिरकं विचारलं. "तुम्ही कधीच नाही?"

"माझा हात तिथवर जेमतेम पोचतो, म्हणून मी निर्दोष."

मी लेकीला फोन लावला. मुलगा मागून ओरडला, "तिला फिल्टरमधलं काय कळतं?"

फोन स्पीकरवर होता. लेक म्हणाली, "दादा, तुझ्या लग्नात तुझा चेहरा मी उजळला होता. ते काम याच्यापेक्षा अवघड होतं."

तिनं भांड्याचा फोटो मागवला, गाडीच्या नंबरच्या पाटीचाही मागवला, आणि रविवारी सकाळी, भाऊ जागा व्हायच्या आत, पायी चढून वर आली. पार्लरच्या पांढऱ्या टॉवेलात नवं हाऊसिंग गुंडाळलेलं, तान्हं मूल आणावं तसं.

आम्ही कामाला लागलो. आधी गाडीच्या बॅटरीची काळी वायर काढली. खाली परात ठेवली. लेकीनं पर्समधून नेलपॉलिश काढलं, टाकीकडून येणाऱ्या नळीला लाल ठिपका दिला, पंपाकडं जाणाऱ्या नळीला गुलाबी. तसेच ठिपके नव्या भांड्याच्या दोन तोंडांना, त्यावरचे बाण बघून. "अदलाबदल झाली तर पुन्हा बोंब," ती म्हणाली.

"लिपस्टिकही लाव," भावजी दातांच्या फटीतून म्हणाले. "नवरीसारखी दिसली तर भंगारवाला घाबरून पळेल."

"काका, तुम्हाला बघून तो आधीच पळायचा."

जुनं भांडं ज्या पट्टीवर बसवलं होतं तिचे बोल्ट गंजले होते. तिथं भावजींना पुढं केलं. "सोडवायचं आहे, भावजी. आवळायचं नाही. सोडवताना हवा तेवढा जोर काढा." त्यांनी तोंड वाकडं केलं. आयुष्यभर एकाच बाजूला फिरलेलं मनगट, उलटं फिरवताना त्याला लाज वाटत असावी. पण बोल्ट सुटले. पाणी साचलं की दिवा लावणाऱ्या वायरीची क्लिप मी नखानं उचलली. नळ्या निघाल्या, परातीत डिझेल सांडलं, अंगणभर वास सुटला. मुलगा ओट्यावर हाताची घडी घालून बसला होता. मध्येच म्हणाला, "नकटीच्या लग्नाला..."

"तू विघ्नं मोजत बस," मी म्हटलं. "आम्ही लग्न लावतो."

नव्या भांड्याच्या रबरी रिंगेला स्वच्छ डिझेलचं बोट लावलं. कोरडी बसवली तर पिळवटते. फिल्टर आत गेला, झाकण बसलं, पट्टीचे बोल्ट बसले, लाल लालला, गुलाबी गुलाबीला. बुडाचा स्क्रू मी चिमटीनं फिरवला, टेकला, आणि थोडासा घट्ट केला. बास. मग ह्यांच्या औषधाची वेळ झाली म्हणून आत गेले.

बाहेर आले आणि हातपंप दाबायला लागले. दाबते, दाबते, मऊचा मऊ. लेक खाली वाकून बघत होती. म्हणाली, "आई, बुडाशी थेंब."

मी भावजींकडं पाहिलं. ते आकाशात पाखरं शोधत होते.

"भावजी."

"एकच दिला हो, वहिनी. एकच. हात गेला. मला कळलंसुद्धा नाही."

सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, तो हा असा. मुलगा ओट्यावरून उठला. हसला नाही, उलट जास्तच दमलेला वाटला. "आई, सोड आता. भंगारवाल्याचा फोन आला होता, तो खालून निघालाय."

मला रडू आलं असतं, पण हात डिझेलनं माखलेले होते आणि डोळे पुसायला काही नव्हतं. मी स्क्रू काढला. त्याची बारीक रिंग दबून बाहेर आली होती आणि एका जागी कापली गेली होती. भोकात बोट घालून आटे चाचपले, बॅटरी मारून बुड पाहिलं. भांडं शाबूत होतं. पार्टच्या पुडीत एक जास्तीची रिंग होती. एकच.

मग मी काम बाजूला ठेवून एक वेगळंच काम केलं. भावजींच्या खिशातला पाना काढून घेतला. दुसऱ्या खिशातली पक्कड काढून घेतली. मुलाच्या गाडीच्या किल्लीला एक छोटा पाना लटकत होता, तोही सोडवला. हत्यारांची पेटी उचलली, सगळं नेऊन कपाटात घातलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"हे काय?" भावजी म्हणाले. "मी घरचा माणूस की चोर?"

"चोर परवडला. तो काढून तरी नेतो."

नवी रिंग ओली करून बसवली, स्क्रू भोकात ठेवला आणि माझा हात थांबला. मी या घरात इतकी वर्षं राहिले आहे. घागरी, दगड, ही गाडी ओढून माझी बोटंही काही कमी नाहीत. एक रिंग उरली होती आणि माझा माझ्या चिमटीवर विश्वास राहिला नाही.

"मला... ने तिथं," हे म्हणाले. दारात कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे, चौकट धरून.

"बाबा, तुम्ही बसा," मुलगा म्हणाला. "तुमच्या हातात आता जोर आहे का?"

"म्हणून तर," हे म्हणाले.

लेकीनं आणि मी खुर्ची गाडीपाशी नेली. हे वाकले. माझा हात जिथं जेमतेम पोचतो तिथं त्यांचा लांब हात सहज पोचला. ज्या बोटांनी एके काळी दगडात लोखंड घातलं त्या बोटांनी तो प्लास्टिकचा स्क्रू धरला आणि फिरवला. मानेच्या शिरा ताठल्या. छातीतून किंचाळल्यासारखी शीळ वाजली. अंगात होता नव्हता तेवढा सगळा जोर त्यांनी लावला. मग बोटं आपोआप थांबली.

सवयीनं ओठ हलले, "आणखी एक..."

"बास," मी म्हटलं.

त्यांनी आपल्या बोटांकडं पाहिलं. "एवढंच होतं गं."

"एवढंच लागत होतं."

भावजींनी दोन्ही हात काखेत घालून घट्ट दाबून धरले होते, भर उन्हात थंडी वाजल्यासारखे.

मी भांड्यावरचा, हवा बाहेर सोडायचा स्क्रू थोडा ढिला करून पंप दाबायला घेतला. आधी फुसफुस, मग फेस, मग बुडबुडे, आणि मग सरळ, निर्मळ डिझेल. स्क्रू बंद केला. पंप दाबला. कडक. पुन्हा दाबला. दगड. बुडाशी लेकीनं पांढरा टॉवेल लावून पाहिला, कोरडा. बॅटरीची वायर जोडली, आत बसले, इंजिन तापवणाऱ्या हीटरचा दिवा विझायची वाट पाहिली आणि सेल्फ मारला. गाडी धडधडली, दोन उचक्या दिल्या आणि बंद पडली.

"नळ्यांत हवा राहिलीय," लेक म्हणाली आणि मी उतरायच्या आत स्वतःच पंप दाबायला लागली. तिच्या त्या रंगवलेल्या नखांतलं एक मोडलं. तिनं ते थुंकावं तसं झटकलं.

दुसऱ्या सेल्फला पांढरा धूर आला, इंजिन खोकलं, अडखळलं, आणि मग लागलं. उचकी नाही. मी पाय वर घेतला तरी चालू. हळूहळू धूर विरला आणि आवाज सारखा झाला.

"बसा सगळे," मी म्हटलं.

ह्यांना पुढं बसवलं. मुलगा आणि लेक मागं. भावजी म्हणाले, "मी इथंच थांबतो. गाडीत बसलो तर कशाला तरी हात लागेल."

खालच्या वळणावर भंगारवाल्याचा ट्रक समोर आला. वाट एका गाडीची. त्यानं खिडकीतून डोकं काढलं. "काकू, मागं घ्या. वरची गाडी न्यायला चाललोय."

"हीच ती गाडी. तू मागं घे."

"ही? ही तर चालू आहे!"

"म्हणून तर तुला मागं घे म्हणतेय. बंद असती तर मीच तुला वर बोलावलं असतं."

त्यानं माझ्या मुलाकडं पाहिलं. मुलानं पाहिलं आपल्या गुडघ्यांकडं. मी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. ट्रक कण्हत, दगड उडवत मागं सरकत गेला, पार डांबरीपर्यंत. हे माझ्या शेजारी बसून हसत होते. हसण्यानं त्यांना धाप लागली तरी थांबेनात.

डांबरीवर चारही चाकं टेकवली, गाडी वळवली आणि चढ घेतला. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणाला मागचं चाक सुट्या गोट्यावर घसरलं, गाडी तिरकी झाली, लेकीनं देवाचं नाव घेतलं आणि मुलानं आईचं. मी लहान गिअर टाकला आणि पाय दाबला. इंजिन उपाशी नव्हतं. त्यानं ओढलं. अंगणात येऊन थांबले तेव्हा भावजी तसेच उभे होते, हात काखेत.

मुलगा उतरला. टायरकडं बघत म्हणाला, "आज झालं, आई. उद्या दुसरं काही गेलं तर?"

"उद्याचं उद्या उघडून बघू."

"प्रत्येक वेळी असं जमणार नाही."

"नाही जमणार. पण ज्या दिवशी जमणार नाही तो दिवस मी ठरवीन. तुझा भंगारवाला नाही."

त्यानं मोबाइल काढला. बाजूला जाऊन बायकोला फोन लावला. आम्हाला ऐकू आलं ते एवढंच, "हो, राहू दे. पोरांचा पंखा परत त्या खोलीत लाव."

त्या खोलीत हे कधी राहायला गेलेच नाहीत. त्यानंतरचा दुसरा उन्हाळा सरता सरता, नातू पहिल्यांदा शाळेत गेला त्या आठवड्यात, सकाळी ऊन ओट्यावर आलं त्या वेळी, आमचे हे वरच्याच घरात वारले.